कसं जमलं

सभा चारला होती. धाकटी साडेतीनलाच वाचनालयाचा जिना चढली, कारण बाकीचे यायच्या आत तिला तो तक्ता एकटीने बघायचा होता.

मागच्या खोलीत मोजणीदार आधीच येऊन बसले होते. जमीनमोजणीच्या खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात पट्टी असायचीच. टेबलावर कागद पसरून ते पेन्सिलींना टोक काढत होते. समोरच्या फळ्यावर चार टाचण्यांनी तक्ता लावलेला होता. धाकटीच्या माहेरचा. थोरल्या बहिणीने सांगितलेला आणि मोजणीदारांनी काढलेला.

"या," ते म्हणाले. "लांबून बघा. पेन्सिलीचं आहे, पुसलं जाईल."

"माझ्याच घरच्या माणसांना मी पुसायला आलेय का?"

वंशावळ मंडळाची रीत अशी होती की कोणी आपल्या घराची वंशावळ आपण लिहायची नाही. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने विचारून लिहायचं. मंडळ काढणाऱ्या नर्सबाईंचं म्हणणं होतं की आपल्या घराबद्दल माणूस झाडून-पुसून लिहितो, परक्याला ती लाज नसते. या वर्षी ताईची चिठ्ठी मोजणीदारांबरोबर निघाली होती. दर गुरुवारी दोन ते चार ती दोघं याच खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची; ती सांगायची, ते आधी वहीत उतरवून घ्यायचे आणि मग तक्त्यावर. आठव्या महिन्यात ताई गेली. तक्ता तेवढ्यात जवळजवळ पुरा झाला होता.

धाकटीने आधी स्वतःचा चौकोन शोधला. तो अगदी उजवीकडे होता, कागद संपायला आला होता तिथे. 'धाकटी मुलगी. शिवणवर्ग चालवते. लहानपणी फार रडकी.'

"रडकी कोणी सांगितलं?"

"तुमच्या ताईंनी."

"आणि ती काय हसत हसत जन्मली होती? आई सांगायची, दोन वर्षं तिने घरात कोणाला झोपू दिलं नव्हतं."

"मग सभेत हरकत घ्या. सभा हरकतीसाठीच असते."

"राहू दे. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं." पण तिला राहवलं नाही. "मला का नाही विचारलंत कधी? आई शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होती. आईचं मला ताईपेक्षा जास्त ठाऊक आहे."

"सभासद त्या होत्या. आणि सांगणारा एकच असतो."

"सांगणारी कायम तीच. घरीसुद्धा पाहुणे आले की तीच बोलायची. मी आपली चहा आणून द्यायची."

धाकटी पुढे वाचत गेली. प्रत्येक जोडप्याला जोडणाऱ्या दुहेरी रेघेखाली एक अरुंद घर आखलेलं होतं आणि त्यावर बारीक अक्षरात 'कसं जमलं' असं लिहिलेलं होतं. आजी-आजोबांच्या घरात होतं, 'आजोबा विहीर खणायला आले होते. आजीने त्यांच्या कामाला नावं ठेवली. त्याच रागात मागणी घातली.' हे वाचून तिला हसू आलं. मग तिने स्वतःचं वाचलं. 'शेजाऱ्यांनी सुचवलं.'

"माझं लग्न दोन शब्दांत उरकलंत?"

"जेवढं सांगितलं तेवढं लिहिलं."

तिची नजर मध्यावर गेली. ताई आणि भावोजी. दुहेरी रेघ. रेघेखालचं घर रिकामं होतं. नुसता पांढरा कागद.

"हे का राहिलं?"

मोजणीदारांनी पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपून बघितलं. "त्यांनी सांगितलं नाही."

"अहो, मग मला विचारायचं!" धाकटीने खुर्ची ओढली आणि बसली. आल्यापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. "मी होते तिथे."

*

"बाबा, आईच्या तक्त्यावर नुसती सही करायचीय," लेक म्हणाली.

"माहीत आहे."

"भांडायचं नाही."

"मी कधी भांडलो?"

"गेल्या महिन्यात भर सभेत तुम्ही मोजणीदारांना म्हणालात, तुमची पट्टी आखूड आहे."

"आहेच. दोन मिलिमीटरने. टोक झिजलंय."

"बाबा!"

"मोजून दाखवलं मी."

लेक चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती वडिलांबरोबर आली होती, कारण त्यांना एकटं पाठवायची तिला भीती वाटत होती. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. दुकानांतले, गोदामांतले वजनकाटे तपासून जुळवून द्यायचे हा त्यांचा धंदा. चाळीस वर्षांत त्यांनी जुळवलेल्या काट्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. दोन गिऱ्हाइकांचं वजनावरून वाजलं, तर दुकानदार म्हणायचा, काटेवाल्यांनी बघितलाय, आणि भांडण मिटायचं.

बायको जिवंत असताना ते या मंडळाकडे फिरकले नव्हते. गुरुवारी ती घरी यायची ती तरतरीत होऊन. मोजणीदार असं म्हणाले, मोजणीदारांनी तसं विचारलं. ते मान डोलवायचे आणि जेवायचे. कोण कुणाचा चुलता हे ऐकून काय करायचं, असं त्यांना वाटायचं. तिला सांगायला कुणीतरी भेटलंय, बरंच आहे.

ते तसं राहिलं नाही. तिला दवाखान्यात ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणीदार भेटायला आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "मागच्या रिपोर्टमध्येच थोडं दिसत होतं, नाही का?"

कुठला मागचा रिपोर्ट? काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. तिला बोलायची ताकद नव्हती आणि नंतर ती आलीच नाही. नऊ दिवसांनी सगळं संपलं. सदतीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला जे ठाऊक नव्हतं, ते आठवड्याला दोन तास समोर बसणाऱ्याला ठाऊक होतं.

त्यानंतर ते दर महिन्याच्या बैठकीला यायला लागले. मागच्या खुर्चीत बसायचे आणि शेवटी उठून मोजणीदारांना म्हणायचे, "ती वही द्या." मोजणीदार म्हणायचे, "वही वार्षिक सभेत दाखवतात. नियम आहे." तीन महिने हेच चाललं होतं.

"त्यात काय असणार आहे, बाबा?" जिन्याशी लेकीने विचारलं.

"तिने त्या माणसाला काय काय सांगितलं ते. म्हणजे मला काय काय नाही सांगितलं ते कळेल."

"मलाही नव्हतं सांगितलं रिपोर्टचं," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा चढला. "मी मुलगी आहे तिची. दर रविवारी फोन करायची मी. मावशीला कळलं असतं तर मी समजू शकले असते. पण एका परक्याला?"

काटेवाले थांबले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या पंक्तीला आणखी कुणी बसलंय याचं त्यांना थोडं बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

*

सभेला चौदा माणसं होती. नर्सबाई टेबलामागे बसल्या. ऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या तरी त्यांना माइक लागत नसे. गावातली निम्मी माणसं जन्मली तेव्हा त्या खोलीत होत्या आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत.

त्यांनी वर्षभराचा आढावा दहा मिनिटांत संपवला. सात जोड्या, पाच तक्ते पुरे. बेकरीवाल्यांचा अर्धवट राहिला, कारण मामा आणि भाचा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक जोडी मध्येच भांडून फुटली. मग चार तक्ते वाचले गेले, किरकोळ हरकती आल्या, रबर फिरला. शेवटी ताईचा तक्ता आला.

मोजणीदार एकेक चौकोन वाचत गेले. धाकटी आपल्या चौकोनाच्या वेळी खिडकीबाहेर बघत राहिली. वाचन मध्यावर आलं आणि थांबलं.

"हे एक घर रिकामं आहे," मोजणीदार म्हणाले.

"मग शाई नाही," नर्सबाई म्हणाल्या. "शाई नाही तर भिंत नाही. नियम मीच केलाय, म्हणून मलाच तो मोडता येत नाही."

पुरा झालेला तक्ता शाईने गिरवून वाचनालयाच्या भिंतीवर लावायची पद्धत होती. लेक उठून उभी राहिली. "आईने जागासुद्धा ठरवून ठेवली होती. खिडकीच्या उजवीकडे, तिथे ऊन येत नाही म्हणून. तिचं वर्षभराचं काम आहे हे. एका रिकाम्या घरासाठी गुंडाळून कपाटात टाकणार?"

"मी नाही टाकत, बाळ. घर भरा, मी आज लावते."

"आधी वही," काटेवाले मागून म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आज वार्षिक सभा आहे. वही दाखवतात आज."

मोजणीदारांनी नर्सबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. वही खुर्च्यांवरून हातोहात मागे आली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे घासलेली. काटेवाल्यांनी चष्मा लावला.

अक्षर मोजणीदारांचं होतं, पण बोलणं तिचं होतं. एकेका ओळीत ते ऐकू येत होतं. पणजीची कुरकुर, आईचे टोमणे, धाकटीचं रडं. यातलं बरंचसं त्यांनी जेवताना ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. सहाव्या महिन्यातल्या एका गुरुवारखाली लिहिलं होतं: 'आज काम झालं नाही. रिपोर्ट आला आहे. घरी कुणाला बोलू नका म्हणाल्या. यांना कळलं तर काटा जुळवताना हात हलेल, म्हणाल्या. मुलगी सगळं सोडून धावत येईल, म्हणाल्या.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग लेकीला दाखवलं. लेकीने वाचलं आणि तोंड फिरवून घेतलं.

शेवटून दुसऱ्या पानावर मथळा होता: 'कसं जमलं. स्वतःचं.' खाली सात तारखा, एकाखाली एक. सांगणाऱ्याने नकार दिला तर तारीख घालून तसं लिहायचं, अशी रीत होती. सहा तारखांपुढे 'नाही' होतं. सातवीपुढे लिहिलं होतं: 'नाही. बाकी काय हवं ते विचारा, म्हणाल्या. हे आमचं आहे.'

मोजणीदार पुढून त्यांच्याकडे बघत होते. रीत तीनदा विचारायची होती. त्यांनी सातदा विचारलं होतं. कशासाठी, ते त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी बोलून बघितलं नव्हतं. ते एकटे राहायचे. त्या बाईच्या चार पिढ्या त्यांना पाठ होत्या, तिचा आजार त्यांना आधी कळला होता, आणि तरी प्रत्येक वेळी या एका प्रश्नाला ती हसायची आणि मान हलवायची. ते हसू त्यांच्यासाठी नसायचं. काट्यांना तेल घालणारा, गुरुवारी एकदाही तिला न्यायला न आलेला हा माणूस. काय होतं असं त्याच्यात? वही मिटताना काटेवाल्यांचा चेहरा त्यांनी पाहिला आणि मान खाली घातली. त्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतकं त्यावर समाधान होतं.

"काटेवाले," नर्सबाई म्हणाल्या, "त्या बोलल्या नाहीत. आता तुम्हीच राहिलात. सांगा, कसं जमलं?"

काटेवाले उभे राहिले.

त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. ती टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होती. तिथला मोठा काटा वर्षातून एकदा तपासायचा असे. त्यांनी तपासला. एक ग्रॅमचाही फरक नव्हता. म्हणजे आता वर्षभर इथे यायचं काही कारण नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाठ केली, मागचा स्क्रू अर्धा फेरा ढिला केला आणि तपासणीच्या वहीत 'बरोबर' असं लिहून सही करून निघून आले.

चौथ्या दिवशी निरोप आला. ते गेले. तिने खिडकी लावून घेतली. "मी रोज सकाळी प्रमाणाचं वजन ठेवून बघते," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी बरोबर होता. तीन दिवस मी सगळी पार्सलं धाकट्या काट्यावर घेतेय. अजून कुणाला बोललेले नाही." "नोकरी जाईल तुमची," ती म्हणाली. ते म्हणाले, "हो." मग ती म्हणाली, "परत असं करू नका. यायचं तर सरळ येत जा."

त्यानंतर त्यांनी आयुष्यात एकही काटा चुकीचा ठेवला नाही. ही गोष्ट तिला आणि त्यांना ठाऊक होती. आता फक्त त्यांना.

सगळे थांबले होते. सांगितलं तर तक्ता आज भिंतीवर लागेल. सांगितलं तर मोजणीदार ते आपल्या अक्षरात लिहून घेतील.

"मला..." काटेवाले म्हणाले.

"भावोजींना कुठलं सांगता येतंय," धाकटी उठली. "मी सांगते. मी होते तिथे. पंधरा वर्षांची होते, शाळेतून येताना ताईकडे टपाल कचेरीत जायचे."

"घरातलंच माणूस आहे. चालेल," नर्सबाई म्हणाल्या. "मोजणीदार, विचारा."

मोजणीदारांनी पेन्सिल उचलली. "कसं जमलं?"

"काटा बिघडला," धाकटी म्हणाली. कितीतरी वर्षांनी खोलीभर माणसं तिचं ऐकत होती. "अचानक बिघडला. माणसांची रांग रस्त्यापर्यंत. सगळे ओरडताहेत. ताई बिचारी रडतेय."

"आई रडत होती?" लेकीने विचारलं.

"ढसाढसा! मी रुमाल दिला माझा. रडकी म्हणे मी! मग हे आले. धावत. घामाघूम. पाच मिनिटांत काटा नीट केला. चहा विचारला तर नको म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन ताई आईला म्हणाली, माणूस फार सरळ आहे. झालं. आईने चौकशी केली."

खोलीत दोन-तीन बायका हसल्या. बेकरीवाला म्हणाला, "काटेवाले, धावत? तुम्ही?"

पण लेक हसली नाही. ती वडिलांकडे बघत होती. ज्या माणसाला दोन मिलिमीटर झिजलेली पट्टी सहन झाली नव्हती, तो माणूस शांत उभा होता. आई रडली असेल हे शक्यच नव्हतं. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलाही ती रडली नव्हती. बाबांना हे माहीत होतं. मग ते गप्प का? बघता बघता तिच्या लक्षात आलं की खरं काहीतरी वेगळं आहे, आणि ते तिलाही मिळणार नाही. इतकी वर्षं त्या दोघांच्या मध्ये ती झोपली होती, जेवली होती, वाढली होती, तरी कुठेतरी ती दोघंच होती.

मोजणीदारांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "'पार्सलचा काटा अचानक बिघडला. ते दुरुस्तीला आले. माणूस सरळ वाटला.' घर लहान आहे. रडणं बसत नाही."

"रडणं बसवा," धाकटी म्हणाली.

"बसत नाही, बाई."

"हरकत?" नर्सबाईंनी विचारलं. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि मागच्या खुर्चीपाशी थांबली. "काटेवाले, नीट विचार करून सांगा. एकदा शाई झाली की मी पुसू देत नाही."

"हरकत नाही," काटेवाले म्हणाले.

धाकटीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. भावोजी कधी कुणाचं बरोबर आहे असं म्हणत नसत. तिचा चेहरा उजळला.

*

सभा मोडली. माणसं चहाच्या टेबलाकडे सरकली. धाकटी तिथे बेकरीवाल्याला रांग नेमकी किती लांब होती ते सांगत होती, आणि ती रांग मघापेक्षा बरीच वाढली होती. मोजणीदारांनी तक्ता फळ्यावरून काढून टेबलावर पसरला आणि शाईची बाटली उघडली. काटेवाले सही करायला पुढे आले. त्यांनी सही केली, पण ते गेले नाहीत.

मोजणीदार वरच्या पिढीपासून गिरवत खाली आले. मधल्या घरापाशी त्यांचा हात थांबला.

"सात वेळा नाही म्हणाल्या त्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एवढ्याशा गोष्टीला कोण सात वेळा नाही म्हणतं? हे खरं नाही."

"तुम्ही विचारलंत. घरातल्या माणसाने सांगितलं. तुम्ही लिहिलंत."

"आयुष्यात मी चुकीची रेघ मारलेली नाही."

"मीही काटा चुकीचा ठेवत नाही," काटेवाले म्हणाले. "तिने रिपोर्टचं तुम्हाला सांगितलं. ते तुमच्याकडे राहू दे. मी पुन्हा विचारणार नाही."

मोजणीदारांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोजणीदारांना आणखी एकदा, आठव्यांदा, विचारायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं.

"हरकतीची वेळ गेली, मोजणीदार. लिहा."

खिडकीतून वारा आला आणि कागद उचलला गेला. काटेवाल्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवून तो दाबून धरला. मोजणीदारांनी टाक बुडवला, कडेला निथळवला आणि 'पार्सलचा काटा' ही अक्षरं काळ्या शाईत सावकाश, एकसारखी गिरवायला घेतली. शेवटचं अक्षर वाळेपर्यंत काटेवाल्यांनी बोट काढलं नाही.